गिरणेकाठी काचेविना एक घर

मी जी घरं बांधते त्यांत माणसं राहत नाहीत. जरबेरा राहतात, ढोबळी मिरची राहते, एकदा तर नुसती ऑर्किडं राहत होती. लोखंडी सांगाडा, वर जाड प्लास्टिकचा कागद, एका बाजूला हवा गार करणारे ओले पॅड आणि समोर मोठे पंखे. वेंगुर्ल्यात माझी छोटी कचेरी आहे आणि पंचवीस वर्षं मी हेच करते आहे. म्हणून जेव्हा औषधं बनवणाऱ्या एका कंपनीने विचारलं, की भांगेच्या झाडासाठी असं घर बांधून द्याल का, तेव्हा मी आधी हसले आणि मग दोन दिवस विचार करत राहिले.

झाड एकच. त्याच्या पानांची भांग, मादी फुलांचा गांजा. पण त्याच फुलांमधून काढलेल्या एका द्रव्याचं औषध लहान मुलांच्या अपस्माराच्या झटक्यांवर देतात, आणि त्यावर संशोधन करायचं तर सरकारी परवान्याखाली, बंदिस्त जागेत, एकेका रोपाची नोंद ठेवून लागवड करावी लागते. नशा येणार नाही अशा जातीची. कंपनीने जागा निवडली होती खानदेशात, गिरणा नदीच्या काठी, भडगावपासून थोड्या अंतरावर. गावाचं नाव मी इथे देणार नाही. तसं ठरलं आहे.

माझ्या दोन फेऱ्या झाल्या. पहिली जानेवारीत, आखणीसाठी. दुसरी मे महिन्यात, बांधकाम संपवून तपासणीला उभं राहण्यासाठी. आमच्याकडचं कोणी सहसा तिकडे जात नाही. गेलंच तर रेल्वेने भुसावळवरून पुढे उत्तरेला जातं. म्हणून हे लिहायला घेतलं.

जानेवारी : काळी माती

चाळीसगावला उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मी कुडकुडत होते. खानदेश म्हणजे ऊन एवढंच मला माहीत होतं. स्टेशनबाहेर सगळे मफलर गुंडाळून चहा पीत उभे, आणि मी एकटी सुती साडीत. मला न्यायला भिकनआबा आले होते. कंपनीला जमीन भाड्याने दिली ती ह्यांनीच. साठीचे, उंच, पांढरी टोपी, आणि बोलण्यापेक्षा मान हलवणं जास्त. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीतून स्वतःची शाल काढली आणि पुढे केली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची उभी वाळकी झाडं, मध्येच केळीची हिरवी गर्द बाग, आणि सगळं सपाट. डोंगरउतारावर वाढलेल्या माणसाला या सपाटीची भीती वाटते. नजर कुठे अडकतच नाही.

जागेवर पोचून मी पहिलं काम केलं ते खड्डा खणण्याचं. आमच्याकडे चार फूट खणलं की जांभा लागतो आणि त्यावर निर्धास्त उभं राहता येतं. इथे काळी माती. चार फूट झाले, पाच झाले, कुदळ लोण्यात शिरावी तशी आत जात होती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, वरचं बांधकाम वर्षातून दोनदा हलवते. सातव्या फुटाला मुरूम लागला तेव्हा मी खड्ड्यात उभी राहून टाळी वाजवली. वर उभे असलेले आबा पहिल्यांदा हसले.

"ताई, मुरूम लागना म्हनून कोनी टाळी वाजाडस का?"

"आबा, मी बांधणारी आहे. मला तोच देव."

दुपारी जेवायला त्यांच्या घरी. भरीत मी जन्मभर खाल्लेलं आहे, असा माझा समज होता. इथली वांगी हिरवी, हातभर लांब. आबांच्या सूनबाईंनी ती अंगणात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजली, सोलली, आणि लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण घालून ठेचली. वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची, जराशी खारी. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं, मग नाकातून, मग कानांतून वाफ निघतेय असं वाटलं. मी सोलकढी मागितली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सोलकढी म्हणजे काय, हे सांगेपर्यंत सूनबाईंनी ताक आणून ठेवलं होतं. चार भाकऱ्या खाल्ल्या. उठताना कोणाचा तरी हात धरावा लागला.

ग्रामसभा

परवान्यासाठी गावाचं मत कागदावर लागतच होतं की नाही, हे मला ठाऊक नाही. पण कंपनीने आणि आबांनी ठरवलं होतं, की गावाला अंधारात ठेवून काही करायचं नाही. शाळेच्या आवारात सतरंज्या टाकल्या. मी फळ्यावर नकाशा लावला आणि सांगायला सुरुवात केली. दोन भिंती, एकात एक. मध्ये मोकळी पट्टी, तिच्यावर कॅमेरे. रोपाला नंबर, रोपाच्या मरणाचीही नोंद. वास बाहेर जाऊ नये म्हणून पंख्यांना गाळण्या. काळे पडदे, कारण या झाडाला फुलायला बारा तास पूर्ण काळोख हवा. बुरशी ह्याचा मोठा शत्रू, म्हणून कोकणात नाही, इथे. "तुमची हवा कोरडी आहे, तुमचं ऊन चांगलं आहे, म्हणून तुमचं गाव," असं मी म्हटलं तेव्हा पुढे बसलेल्यांच्या माना ताठ झाल्या. उन्हाची तारीफ त्यांनी पहिल्यांदाच ऐकली असावी.

मग बायकांच्या बाजूने एक बाई उभी राहिली. साठी ओलांडलेली, सडपातळ, पदर डोक्यावर घट्ट. आबांनी हळूच सांगितलं, ही केशरअक्का, हिची केळीची बाग आपल्या जागेला लागूनच आहे.

"मना धाकला भाऊ ह्याच झाडनी खाई टाका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "शिकेल व्हता. बी.ए. व्हता. आते तेच झाड तुम्ही भिंत बांधीसन पोसशात, आनि आम्ही देखत बसूत?"

मी म्हटलं, "अक्का, हे औषधासाठी आहे. ही जात वेगळी..."

"दवाई शे ते दवाखानामा बनाडा. आमना गावमा कसाले?"

माझ्याकडे उत्तरं होती. जातीबद्दल, कायद्याबद्दल, प्रयोगशाळेबद्दल. पण ती भावाबद्दल बोलत होती. मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "तुमच्या भावाबद्दल मला काही बोलता येणार नाही अक्का. भिंत पक्की बांधीन, एवढंच सांगते."

हात वर झाले. गाव बाजूने होतं. अक्काचा हात मांडीवरच राहिला.

मला परत सोडताना गाडीत आबा म्हणाले, "ताई, अक्का खोटं नही बोलस. तिना भाऊ मना वर्गमा व्हता."

मे : चाळीसगावचं वर्कशॉप

दुसऱ्या वेळी चाळीसगावला उतरले तेव्हा प्लॅटफॉर्मवरच चपलेचा तळ सुटला. उन्हाने गोंद वितळला होता. मी एक पाय अनवाणी, एक पाय चपलेत, अशी उड्या मारत हारूनभाईंच्या वर्कशॉपमध्ये शिरले. त्यांनी आधी माझ्याकडे, मग चपलेकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, सांगाडा तयार आहे, पण तुमचाच पाया ढिला झालाय."

हारूनभाई लोखंडाचं काम करतात. वडील जिनिंगच्या यंत्रांची दुरुस्ती करायचे. त्यांच्याकडून हात आला, असं ते सांगतात. मी नकाशे पाठवले होते, आणि चार महिन्यांत त्यांनी दोन घरांचा सांगाडा, दरवाजे, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं उभं केलं होतं. फोनवर रोज बोलणं होई, पण प्रत्यक्ष भेट पहिलीच. एकही वेल्ड मला पुन्हा करायला सांगावं लागलं नाही. पंचवीस वर्षांत असं माझ्या बाबतीत दोनदाच झालं आहे.

जेवण त्यांच्या घरी, वर्कशॉपच्या मागेच. त्यांच्या पत्नीने ताट वाढलं, समोर बसल्या, आणि मी दोन घास खाईपर्यंत थांबल्या. मग विचारलं, "ताई, सच बताना. ये दवा का ही है ना? हमारे रिश्तेदार बोलते हैं, नशे का काम लिया हारून ने."

हारूनभाईंनी मान खाली घातली. त्यांनी हे मला चार महिन्यांत एकदाही सांगितलं नव्हतं.

मी माझ्या पिशवीतली फाइल काढली, खात्याचं पत्र, संशोधनाची मंजुरी, सगळं त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी एक एक ओळ बोट ठेवून वाचली. जेवण थंड झालं. शेवटी फाइल बंद करून म्हणाल्या, "अब किसी ने पूछा तो मैं बताऊँगी." आणि उठून गरम रोटी आणली. हारूनभाई एरवीही मान वर करूनच चालत, पण त्या दुपारनंतर जरा जास्तच.

वादळ

तपासणीला सहा दिवस उरले होते. मातीला भेगा पडल्या होत्या, हात आत जाईल एवढ्या, पण आमचे खांब मुरमापर्यंत गेलेले, ते हलले नव्हते. मी रोज सकाळी ओळंबा लावून बघत होते. पोलादी टेप दहानंतर हातात धरता येत नव्हती. आमच्याकडे घामाने माणूस निथळतो. इथे घाम येतो तो दिसतही नाही, जागच्या जागी वाळतो आणि कपाळावर मीठ राहतं. पहिल्या घरावर प्लास्टिक चढलं होतं. दुसऱ्यावरही चढलं होतं, फक्त नदीकडच्या बाजूचा गुंडाळायचा पडदा लावायचा राहिला होता. उद्या लावू, असं मीच म्हटलं होतं.

आदल्या दिवशी आबांनी आकाशाकडे बघून विचारलं होतं, "ताई, वारा उना ते?" वारा आला तर काय, म्हणून. आणि मी म्हटलं होतं, "आबा, मी समुद्राकाठची आहे. वाऱ्याचं मला नका सांगू."

चारच्या सुमारास नदीपलीकडचं आकाश तपकिरी झालं. ढग नव्हते, धूळ होती, भिंतीसारखी सरळ उभी. आमच्याकडचा वारा पावसाला सोबत घेऊन येतो, चाहूल देतो. हा आला तो एकदम अंगावर. उघड्या बाजूने तो दुसऱ्या घरात शिरला आणि प्लास्टिक फुग्यासारखं ताणलं. सांगाडा कण्हायला लागला. मी खांबाला हात लावला. लोखंड थरथरत होतं.

आत शिरलेला वारा निघायला वाट नव्हती. दोन गोष्टी होऊ शकत होत्या. प्लास्टिक तग धरेल आणि सांगाड्याला घेऊन उडेल, किंवा प्लास्टिक फाटेल आणि सांगाडा राहील. चार महिन्यांचं काम त्या सांगाड्यात होतं.

हारूनभाई शिडीवर चढले होते. हातात पातं. ओरडले, "ताई, फाडू?"

मी स्वतः निवडलेला, स्वतः मोजून ताणलेला कागद. तोंडात धूळ गेली होती, आवाज फुटेना. मी हाताने खूण केली. फाडा.

त्यांनी वरून खालपर्यंत चिरलं. मोठा आवाज झाला, आणि सगळं प्लास्टिक दोन पंखांसारखं उघडून फडफडायला लागलं. दहा मिनिटं आम्ही सगळे पंप-घराच्या भिंतीला पाठ लावून बसलो. मग गारांसारखे चार थेंब पडले आणि वारा निघून गेला.

सांगाडा उभा होता. ओळंबा लावला. दोरी जिथे हवी तिथे होती. मी तिथेच मातीत बसले आणि रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

कुंपणापलीकडे मात्र केशरअक्काची निम्मी केळीबाग आडवी झाली होती, घड लागलेली झाडं एकमेकांवर पडलेली. गोठ्याचे पत्रे उडून आमच्या बाहेरच्या भिंतीला येऊन आदळले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाची यादी करून आले तर हारूनभाई आणि त्यांची तीन माणसं जागेवर नव्हती. अक्काच्या गोठ्यावर होती.

मी तिकडे गेले. अक्का कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मना पत्रा उडी गयात ते तुमले काय? तुमनं काम देखा. पाच दिन राह्यनात तुमना."

हारूनभाई वरून म्हणाले, "अक्का, ढोरे उन्हमा उभा शेतस. पहिले त्यासनं देखूत."

अक्काने माझ्याकडे बघितलं. मी हारूनभाईंना खिळे द्यायला लागले. दुपारपर्यंत गोठा झाला. आमचे आता साडेचार दिवस उरले होते आणि एका घराला छप्पर नव्हतं.

सोनगीर

नवा कागद इंदूरकडून येणार होता. निघाल्याचा फोन आला, मग दुसरा फोन आला की ट्रकच्या चाकावरचा पाटा तुटला आणि तो सोनगीरला उभा आहे. हारूनभाईंनी टेम्पो काढला. धुळ्याहून आग्रा रोडने वर गेलो. दुपारचं ऊन असं, की रस्त्यावर पाणी साचल्यासारखं दिसत होतं आणि जवळ गेलं की सरकत होतं.

सोनगीरचा किल्ला महामार्गावरूनच दिसतो, उघडी टेकडी आणि वर थोडी तटबंदी. खाली ट्रक एका बाजूला कलून उभा. कागदाचा गुंडाळा म्हणजे माणसाच्या कमरेएवढा जाड आणि दोन माणसांच्या उंचीचा. तो खरचटला तर संपलं. आम्ही दोघं आणि ड्रायव्हर, तिघांच्याने तो हलेना.

गावात ठोकठोक चालू होती. सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घडवतात, हे मला माहीत नव्हतं. हारूनभाई आत गेले आणि पाच कारागिरांना घेऊन आले. त्यांतले सगळ्यांत वयस्क, ज्यांना बाकीचे नाना म्हणत होते, त्यांनी गुंडाळ्याभोवती एक फेरी मारली. हाताने वजन अजमावलं आणि म्हणाले, "उचलू नका. लोळवू." दोन फळ्या लावल्या, त्यावर गोणपाट ओलं करून घातलं, आणि तो अवजड गुंडाळा ट्रकमधून टेम्पोत असा गेला, की एक चरा उठला नाही.

मी काही देऊ लागले तर नाना म्हणाले, "भांडं घ्या एखादं." मी एक पितळेची कळशी घेतली. त्यांनी विचारलं, एवढा कागद कशाला? मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "औषधाचं आहे ना? मग नीट बांधा." धंदा करणाऱ्याने धंदा करणाऱ्याला सांगावं तसं.

परतताना महामार्गावरच्या ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. जानेवारीतल्या भरिताने तयारी करून घेतली होती. मी ताक मागितलं नाही. हारूनभाईंनी हे दोनदा माझ्या लक्षात आणून दिलं.

ऐंशी हात

असा कागद चढवायचा तर वारा पूर्ण थांबलेला हवा, आणि मे महिन्यात गिरणेकाठी तो फक्त पहाटे थांबतो. सूर्य वर येईपर्यंत एक तास मिळतो. दोन्ही बाजूंनी वीस-वीस माणसं लागतात, सगळ्यांनी एकाच वेळी एकाच जोराने ओढायचं. माझ्याकडे नऊ माणसं होती.

आबांनी रात्री गावात निरोप फिरवला होता. तरी मला वाटलं, पंधरा येतील. उजाडता उजाडता मी जागेवर पोचले तर फाटकापासून रस्त्यापर्यंत लोक उभे होते. शेतावर जायच्या आधी आलेले, हातात विळे, खांद्यावर पाण्याच्या पिशव्या. बायका होत्या. शाळेचे मास्तर होते. मोजायची गरज पडली नाही.

मी स्टुलावर उभी राहून सांगितलं कसं ओढायचं. मग हारूनभाईंनी आवाज दिला, "बठ्ठा एकसाथ! हां!" आणि कागद सांगाड्यावर असा चढला, जशी दुधावर साय येते. एक सुरकुती नाही. कडा पट्टीत बसल्या, स्प्रिंग लागल्या, आणि त्याच क्षणी पूर्वेकडून पहिलं ऊन आरपार आत आलं. माझ्या हातून अनेक घरं उभी राहिली, पण इतक्या लोकांनी उभं केलेलं हे एकच.

केशरअक्का त्यात नव्हती. ती तिच्या बागेत पडलेली झाडं तोडत होती, आणि मधून मधून कोयता थांबवून बघत होती.

तपासणी

निरीक्षक साहेब सकाळी दहाला आले. चाळिशीचे, शांत, हातात जाड वही. त्यांनी नकाशा मागितला आणि स्वतःची टेप काढली. माझ्या टेपवर विश्वास ठेवला नाही, हे मला आवडलं. भिंतीची उंची, दरवाजे, कॅमेऱ्यांच्या मधल्या आंधळ्या जागा, वाळवणीची खोली, उरलेला पालापाचोळा जाळायची भट्टी. दोन तास एकही प्रश्न असा नव्हता ज्याचं उत्तर नव्हतं. मी आणि हारूनभाई एकमेकांकडे बघतही नव्हतो, हसू फुटेल म्हणून.

पंचनाम्याला गावातले दोन पंच हवे होते. एक मास्तर. दुसरं कोण, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा फाटकापाशी उभी असलेली केशरअक्का आत आली.

"मी," ती म्हणाली. "पन मी बठ्ठं देखसू. मंग सही."

आबांचा चेहरा पडला. माझाही पडला असणार. साहेब म्हणाले, "हक्कच आहे तुमचा, अक्का. चला."

ती खरंच सगळं फिरली. प्रत्येक दरवाजा उघडून लावून बघितला. नोंदवही उलटून पाहिली. दुसऱ्या घराच्या मागे, जिथे पॅडचं वाहून आलेलं पाणी जमा होतं, तिथे ती थांबली.

"हाई पानी कथा जास?"

मी म्हटलं, "भिंतीखालून नळी आहे अक्का. बाहेर नाल्यात."

ती खाली वाकली. नळीच्या तोंडात हात घातला. कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला.

"मंग तठेथीन पुडकं भाईर काढता येस नही का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दोन भिंती, सोळा कॅमेरे, आणि खाली नऊ इंचाची उघडी लोखंडी नळी, जिचं दुसरं तोंड नाल्यात झुडपांमागे. नकाशात जाळी होती. वादळाच्या गडबडीत ती बसवायची राहिली होती, आणि यादीतून मीच ती खोडली होती, झालं समजून.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "जाळी राहिली."

साहेबांनी वहीत काही लिहिलं. मला वाटलं, संपलं. पुढची तारीख मिळायला किती महिने, कोण जाणे. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि हारूनभाईंना विचारलं, "किती वेळ लागेल?"

"एक तास साहेब. दोन्ही तोंडांना."

"मी चहा पितो," साहेब म्हणाले. "पण उणीव आढळली आणि माझ्यासमोर दुरुस्त झाली, हे मी लिहिणार. दोन्ही लिहिणार."

"लिहा साहेब," मी म्हटलं.

हारूनभाईंनी पळत जाऊन गज आणले. त्या उन्हात, चिखलात आडवं पडून त्यांनी नळीच्या दोन्ही तोंडांना जाळी वेल्ड केली. अक्का शेजारी उभी राहून डोळ्यांवर पदर धरून ठिणग्या बघत होती. झाल्यावर तिने पुन्हा हात घातला. मनगटही गेलं नाही.

मग तिने पेन घेतलं. सही करताना घाई केली नाही, नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण लिहिलं. पेन परत देताना माझ्याकडे बघून म्हणाली, "झाड माले आवडस नही. आवडावं बी नही. पन भिंत तू चांगली बांधी."

त्या दिवशी संध्याकाळी आबांच्या अंगणात हारूनभाई, मी, त्यांची तिन्ही माणसं, मास्तर, सगळे एका ओळीत दाळ-बट्टी खायला बसलो. मी माझ्या कामाबद्दल फारसं बोलत नाही. पण त्या ओळीत बसून मी मोठ्याने म्हटलं, "हे माझं सगळ्यांत चांगलं काम आहे," आणि कोणी मला खोटं पाडलं नाही.

वेंगुर्ले

घरी आले तेव्हा आमच्याकडे पाऊस लागून राहिला होता. खिडकीच्या गजांवर हिरवं शेवाळ, कपडे तीन दिवस ओले. त्या ओल्या हवेत बसून मला त्या कोरड्या गावाची आठवण येईल, हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

परवाना यायला वेळ लागला, पण आला. त्यानंतर तीन आठवड्यांनी एका सकाळी भिकनआबांचा फोन आला. बोलण्यापेक्षा मान हलवणारे आबा फोनवर मात्र ओरडतात.

"ताई, उगनं! बठ्ठं उगनं!"

एकूण एक रोप वर आलं होतं. आतली हवा, पाणी, काळोख, सगळं जसं हवं तसं चाललं होतं. कंपनीची माणसं खूश होती. आबांच्या सूनबाई रोपांच्या नोंदी लिहायच्या कामावर लागल्या होत्या, आणि एकाही पानावर खाडाखोड नाही, हे आबांनी तीनदा सांगितलं.

"आणि अक्का?" मी विचारलं.

आबांनी आवाज खाली आणला. "अक्का रोज येस. शेतवरथीन घर जावाना टाइमले. आत येस नही. भाईरना दरवाजानं कुलूप धरस, हालाडीसन देखस, आनि चालनी जास." मग जरा अवघडून म्हणाले, "चौकीदारले वाईट वाटस ताई. तिले सांगू का, नको येऊ म्हनून?"

"नको आबा," मी म्हटलं. "रोज येऊ द्या. जोरात ओढू द्या."

आबा हसले. "जोरमाच वढस ती."